छल की कला? : बोमार्झोच्या शिल्पवनाची संहिता आणि तिचा वाचक

१

इटलीच्या लात्सिओ प्रांतात, रोमच्या उत्तरेस, व्हितेर्बो शहरापासून जवळच बोमार्झो नावाचे टेकडीवरचे एक लहान गाव आहे. गावात ओर्सिनी घराण्याचा जुना वाडा आहे आणि त्याच्या खालच्या दरीत, झाडीने झाकलेल्या उतारावर, अवाढव्य दगडी शिल्पे विखुरलेली आहेत. पिएर फ्रांचेस्को उर्फ व्हिचिनो ओर्सिनी (जन्म १५२३) या सरदाराने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती करवून घेतली. या जागेला 'साक्रो बोस्को', म्हणजे 'पवित्र वन' म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र 'राक्षसांचे उद्यान' हे नाव रूढ झाले आहे. या दोन नावांतील अंतर लक्षणीय आहे. पहिले नाव प्रेक्षकाला आदराने आत येण्यास सुचविते, तर दुसरे जत्रेतील कुतूहलाने. बोमार्झोविषयीचे बहुतेक लेखन यांपैकी एका टोकाकडे झुकलेले दिसते : एक तर त्यात एखाद्या गूढ विद्येची गुरुकिल्ली शोधली जाते, किंवा एका विक्षिप्त सरदाराची लहर म्हणून सारा प्रश्न निकालात काढला जातो.

वनात शिरणाऱ्यास आरंभीच स्फिंक्सच्या दोन मूर्ती भेटतात. दोहोंच्या बैठकींवर लेख कोरलेले आहेत. एका लेखाचा आशय असा, की येथे येणाऱ्याने एकेका वस्तूकडे लक्षपूर्वक पाहावे आणि मग सांगावे, ही एवढी नवले छलाने घडली की कलेने. दुसऱ्याचा आशय असा, की ज्याला या जागेतून भुवया उंचावून आणि ओठ मिटून जाता येत नाही, त्याला जगातील सात आश्चर्यांचेही नवल वाटणार नाही. पहिला लेख प्रेक्षकाला बोलावयास सांगतो. दुसरा त्याला ओठ मिटावयास सांगतो. या दोन आज्ञा एकाच वेळी पाळता येत नाहीत. बोमार्झोच्या वाचनातील सर्व अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे, आणि तिच्याकडे अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

ग्रीक पुराणकथेतील स्फिंक्स कोडे घालते. त्या कोड्याला एकच उत्तर असते. ते देता आले नाही तर प्राण जातो आणि देता आले तर स्फिंक्सचे प्रयोजनच संपते. बोमार्झोच्या स्फिंक्सने घातलेला प्रश्न या जातीचा आहे काय, हा या विवेचनाचा विषय आहे. तो तसा असेल तर संशोधनाचे काम उत्तर शोधून थांबण्याचे. तो तसा नसेल, तर उत्तर देणारा प्रेक्षक, त्याची चाल, जागेचा चढउतार, दगड आणि झाडी यांचा विचार केल्यावाचून या वनाच्या अर्थाविषयी काहीच बोलता येणार नाही.

२

बोमार्झोतील शिल्पांविषयी एक साधी वस्तुस्थिती प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. यांतील बहुतेक मूर्ती अन्यत्र घडवून येथे आणलेल्या नाहीत. या दरीत पेपेरीनो नावाच्या ज्वालामुखीजन्य दगडाचे प्रचंड धोंडे मुळातच पडलेले होते. जो धोंडा जेथे होता तेथेच त्याला आकार देण्यात आला. माणसाला उलटे धरून फाडणारा महाकाय पुरुष, पाठीवर स्त्रीमूर्ती वाहणारे कासव, सोंडेत रोमन सैनिक पकडलेला हत्ती, सिंहांशी झुंजणारा ड्रॅगन, जबडा वासून बसलेला यमलोकीचा ऑर्कस ही सारी शिल्पे त्या धोंड्यांच्या अंगभूत आकारातून आणि त्यांच्या मूळ जागेवर उभी राहिली आहेत.

या वस्तुस्थितीचा सैद्धांतिक परिणाम मोठा आहे. उद्यान ही एक संहिता आहे असे म्हटले की तिच्या घटकांत काही क्रम, काही वाक्यरचना गृहीत धरली जाते. त्याच परिसरातील बान्याया येथील व्हिला लान्ते हे उद्यान या दृष्टीने तुलनेस घेण्याजोगे आहे. १५६०च्या दशकाच्या अखेरीपासून आकार घेऊ लागलेल्या या उद्यानात एक सरळ मध्यरेषा आहे. वरच्या टोकाला असलेल्या गुहेतून पाणी निघते, पायरीपायरीने एकेका कारंज्यातून खाली येते आणि शेवटी भूमितीने आखलेल्या चौरस बागेत स्थिरावते. दोन्ही बाजूंना एकसारख्या दोन वास्तू आहेत. वन्यतेकडून संस्कृतीकडे जाणारा प्रवास तेथे जवळजवळ वाक्यासारखा वाचता येतो, कारण कर्ता, क्रिया आणि पूर्णविराम यांच्या जागा रचनाकाराने स्वतः ठरविलेल्या आहेत.

बोमार्झोत अशी मध्यरेषा नाही. कोणती मूर्ती कोणत्या मूर्तीच्या शेजारी असावी, हे बव्हंशी रचनाकारापूर्वी भूगर्भाने ठरविले होते. व्हिचिनोला एखाद्या धोंड्यातून काय काढावे याचे स्वातंत्र्य होते; तो धोंडा कोठे असावा याचे नव्हते. ज्याला आपल्या वाक्यातील शब्दांचा क्रम बदलता येत नाही, अशा लेखकाच्या स्थितीशी त्याच्या स्थितीचे साम्य आहे. अशा लेखनात अर्थ क्रमापेक्षा शब्दाच्या निवडीवर आणि वाचकाच्या उड्यांवर अधिक अवलंबून राहणार, हे उघड आहे.

लेसिंगने 'लाओकोऑन'मध्ये (१७६६) काव्य ही कालात उलगडणारी आणि शिल्प-चित्र ही अवकाशात सहअस्तित्वाने राहणारी कला, असा भेद केला. एका सुट्या मूर्तीपुरता हा भेद उपयोगी आहे. वनात मांडलेल्या मूर्तींच्या बाबतीत तो अपुरा पडतो. या मूर्ती अवकाशात एकाच वेळी आहेत, पण एकाच ठिकाणाहून त्या सर्व कधीच दिसत नाहीत. झाडी, चढ आणि वळणे यांमुळे एक दिसू लागते तेव्हा दुसरी नाहीशी होते. म्हणजे घटक शिल्पाचे असले तरी अनुभव आख्यानासारखा कालबद्ध आहे. मात्र आख्यानात काळाचा क्रम लेखकाच्या हाती असतो. येथे तो चालणाऱ्याच्या पावलांच्या हाती आहे. वाट सोडून तो मागे वळू शकतो, एखाद्या मूर्तीला पाठीमागून भेटू शकतो, चढून जाऊन तिच्या डोक्यावरून खाली पाहू शकतो. खालून अजस्र भासणारा राक्षस वरून पाहिला तर उतारात रुतलेला, शेवाळलेला खडक दिसतो. मूर्ती आणि धोंडा यांच्यातील ही ये-जा कोणत्याही छायाचित्रात येत नाही.

३

या वनाला एखादे निश्चित सूत्र लावण्याचे प्रयत्न मुख्यतः दोन दिशांनी झाले आहेत. पहिली दिशा चरित्राची. व्हिचिनोची पत्नी ज्यूलिया फार्नेझे हिच्या निधनाच्या दुःखातून हे वन निर्माण झाले, ही कथा फार लोकप्रिय आहे. वनातील एका लघुस्तंभावर, हे सारे केवळ मन मोकळे करण्यासाठी केले, अशा आशयाचे शब्द आहेत; त्यांचा या कथेला आधार दिला जातो. परंतु अशाच एका स्तंभावर व्हिचिनोच्या नावासह १५५२ हे वर्ष कोरलेले आहे. त्या वर्षी ज्यूलिया हयात होती. १५५३ मध्ये एदँच्या युद्धात व्हिचिनो शत्रूच्या हाती सापडला, आणि त्याच्या बंदिवासाच्या काळात बोमार्झोचा कारभार तिनेच पाहिला. तेव्हा आरंभ तरी शोकातून झाला नाही. शिवाय मन मोकळे करण्याची ही भाषा पेत्रार्कच्या काव्यपरंपरेतून आलेली आहे. आपले लेखन कीर्तीसाठी नसून व्यथित हृदयाला वाट करून देण्यासाठी आहे, अशी भूमिका घेणे हा त्या परंपरेत काव्यसंकेतच होता. जे वाक्य अंतःकरणाचे थेट उद्गार म्हणून वाचले जाते, ते स्वतःच एक उसना घेतलेला अलंकार आहे.

याचा अर्थ दुःखाचा या वनाशी संबंधच नाही, असा नव्हे. काम पुढे अनेक वर्षे चालू राहिले. माथ्यावर असलेले लहानसे देऊळ ज्यूलियाच्या स्मृतीशी जोडले जाते, आणि आरंभी करमणुकीसाठी कोरलेल्या मूर्तींना नंतरच्या दुःखाने वेगळी छटा दिली असेल, ही शक्यता नाकारता येत नाही. परंतु मग दुःख हे अर्थाचे उगमस्थान राहत नाही. अर्थाच्या इतिहासातील ती एक अवस्था ठरते. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानुएल मुखिका लाइनेस या अर्जेंटिनी लेखकाच्या 'बोमार्झो' कादंबरीने चरित्राची हीच वाट टोकाला नेली. कादंबरीतील सरदार कुबडा आहे आणि वनातील प्रत्येक राक्षस त्याच्या आयुष्यातील एकेका यातनेचे दगडी रूप आहे. कादंबरीकाराला हा अधिकार आहेच. अडचण अशी, की या कादंबरीने आणि तिच्यावर आधारलेल्या हिनास्तेराच्या संगीतिकेने (१९६७) निर्माण केलेली प्रतिमा पुढे वनाच्या वाचनात शिरली, आणि कल्पित चरित्र खऱ्या दगडांचे भाष्य होऊन बसले.

दुसरी दिशा साहित्यिक उगमांची. अरिओस्तोचे 'ओर्लांदो फुरिओसो' आणि १४९९ मध्ये छापलेले 'हिप्नेरोतोमाकिया पोलिफिली' हे स्वप्नाख्यान यांच्या आधारे वनातील मूर्तींची उकल केली जाते. यात तथ्य आहे. व्हिचिनो साहित्यात रमणारा होता, आणि वनात पदोपदी काव्याची आठवण होते. परंतु एकाच मूर्तीच्या बाबतीत हे उगम किती निसटते ठरतात, हे माणसाला फाडणाऱ्या महाकाय पुरुषावरून दिसते. काहींच्या मते तो काकुसला ठार करणारा हर्क्युलिस; काहींच्या मते लाकूडतोड्याला फाडणारा, वेडाने झपाटलेला ओर्लांदो. दोन्ही नावांना आधार देता येतो. विशेष हे, की मूर्तीजवळचा लेख यांपैकी एकही नाव घेत नाही. रोड्स बेटाला आपल्या भव्य पुतळ्याचा अभिमान होता, तसा या वनाला या मूर्तीचा आहे, आणि याहून अधिक शक्य नसल्याने जमते तेवढे केले आहे, अशा आशयाचे ते शब्द आहेत. प्रेक्षक विचारतो, हा कोण? लेख उत्तर देतो : हा केवढा, आणि तो करविणाऱ्याचे बळ केवढे! बढाई आणि नम्रता यांच्या या मिश्रणात ओळख बुद्धिपुरस्सर वगळली आहे.

अर्थनिर्णयनाच्या वादात लेखकाचा हेतू प्रमाण मानणारा पक्ष आणि वाचकाला मुक्त सोडणारा पक्ष असे दोन तट गेल्या काही दशकांत पडले. हर्शने १९६७ मध्ये हेतूची बाजू मांडली. त्याच सुमारास बार्तने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. बोमार्झोत हा वाद एका विलक्षण रीतीने गुंतागुंतीचा होतो. येथे लेखकाच्या हेतूचा पुरावा दगडावरच कोरलेला आहे. पण तो हेतू निर्णय प्रेक्षकावर सोपविण्याचा आहे. हेतूशी निष्ठा राखावयाची तर हेतूच्या पलीकडे जावे लागते. जो अभ्यासक गुरुकिल्ली शोधून स्फिंक्सला गप्प करतो, तो व्हिचिनोचा निष्ठावंत वाचक ठरत नाही.

४

या वनातील सर्वांत प्रसिद्ध शिल्प म्हणजे ऑर्कसचा जबडा. पायऱ्या चढून त्या उघड्या तोंडातून आत जाता येते. आत दगडात कोरलेली लहानशी खोली आहे; तीत बाके आहेत आणि मध्ये मेज आहे. बाहेरून पाहिले तर ते मेज जिभेसारखे दिसते. डोळ्यांच्या खाचा आतून खिडक्या होतात. ज्या मुखाने माणसांना गिळावयाचे तेथे माणसे बसून भोजन करतात. आत उच्चारलेला शब्द खोलीत घुमून बाहेर येतो, आणि बोलणाऱ्याचा आवाज राक्षसाचा होतो. भक्ष्य आणि भक्षक, बोलणारा आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो, यांच्या जागा एका पायरीच्या अंतरात बदलतात.

या जबड्याच्या ओठांवर लेख आहे. आज वाचता येणाऱ्या अक्षरांचा अर्थ, प्रत्येक विचार उडून जातो, असा होतो. सोळाव्या आणि सतराव्या शतकांच्या संधिकाळात जिओव्हान्नी ग्वेर्रा या चित्रकाराने या शिल्पाचे रेखाचित्र काढले. त्यात दिलेला पाठ वेगळा आहे : आत येणाऱ्यांनी सर्व विचार सोडून द्यावेत, असे तेथे म्हटले आहे. दान्तेच्या नरकद्वारावर प्रवेश करणाऱ्यांना आशा सोडून देण्यास सांगितले आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ग्वेर्राच्या पाठातील विडंबन तत्काळ कळते. आशेच्या जागी विचार हा एकच शब्द बदलला, आणि नरकाचे द्वार भोजनगृहाचे द्वार झाले. आजच्या पाठात दान्ते पुसट होतो. आज्ञेचे विधान होते, विडंबनाच्या जागी एक हलकी काव्यमय उक्ती उरते. आधुनिक प्रेक्षकाला हीच उक्ती अधिक प्रिय आहे, आणि विचारांच्या मुक्तीचा संदेश म्हणून तिचा गौरव केला जातो.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही परिस्थिती परिचित आहे. जुना साक्षीदार एक पाठ देतो, प्रचलित प्रत दुसरा; आणि रूढ झालेल्या पाठाला त्याचे चाहते मिळालेले असतात. ज्ञानेश्वरीच्या पाठांचा विचार मराठीत ज्या काटेकोरपणे झाला, त्या काटेकोरपणाची येथेही आवश्यकता आहे. फरक एवढाच, की येथे संहितेची एकच प्रत आहे आणि ती उघड्यावर, पावसापाण्यात उभी आहे. तिचे संपादन करणारे हात प्रतीच्या कडेला टिपण लिहीत नाहीत; ते मूळ प्रतीवरच काम करतात.

संपादनाचा हा प्रश्न ओठांपुरता मर्यादित नाही. व्हिचिनोच्या मृत्यूनंतर हे वन दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर कलावंतांचे आणि समीक्षकांचे लक्ष त्याकडे वळले. मारिओ प्राझने त्यावर लिहिले, अंतोनिओनीने १९५०मध्ये त्यावर एक लघुपट केला. १९५४ मध्ये बेत्तिनी कुटुंबाने ही जागा विकत घेतली आणि तिचा जीर्णोद्धार केला. हे काम झाले नसते तर आज पाहण्याजोगे फारसे उरले नसते, हे मान्य केले पाहिजे. तथापि आजची वाट ही व्हिचिनोची वाट नव्हे. मूळ प्रवेश कोठून होता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही शिल्पे हलविली गेली आहेत. स्फिंक्स आज सुरुवातीला भेटतात म्हणून त्यांच्या प्रश्नाला प्रस्तावनेचे स्थान मिळते. प्रेक्षक ज्याला वनाचा क्रम समजतो, त्यात विसाव्या शतकातील संपादकाचा वाटा मोठा आहे. पहिल्या शिल्पापासून शेवटच्या देवळापर्यंत आत्म्याचा ऊर्ध्वगामी प्रवास दाखविणाऱ्या मांडण्या या कारणाने संशयास्पद ठरतात. त्या बव्हंशी आजच्या पाऊलवाटेचे वाचन करीत असतात.

याउलट, क्रमावर अवलंबून नसलेले वाचन अधिक टिकाऊ ठरते. कलत्या घराचे उदाहरण घ्यावे. झुकलेल्या धोंड्यावर मुद्दाम तिरपे बांधलेले हे दुमजली घर कार्डिनल क्रिस्तोफोरो माद्रुत्सो याला अर्पण केलेले आहे. आत पाऊल ठेवताच तोल जातो. डोळ्यांना भिंत सरळ वाटते आणि पाय मात्र उतार सांगतात. याच घरावर, मन विश्रांतीने अधिक शहाणे होते, अशा आशयाचा लेख आहे. ज्या जागी क्षणभर स्थिर उभे राहता येत नाही तेथे विश्रांतीचा महिमा सांगणे, हा विरोध वनाच्या कोणत्याही टोकाकडून आले तरी तितकाच जाणवतो. शब्द डोळ्यांनी वाचले जातात आणि त्यांचे खंडन पाय करतात. छल की कला हा स्फिंक्सचा प्रश्न येथे शरीराला विचारला जातो.

५

आता वनाकडे वळावयास हवे. 'साक्रो बोस्को' या नावाचे मराठी रूपांतर करताना 'देवराई' हा शब्द सहज सुचतो. हा शब्द स्वीकारला तर काय होते, हे पाहणे उद्बोधक आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यामुळे या राखलेल्या रानांचे स्वरूप अभ्यासकांना परिचित झाले आहे. देवराईत आधी नियम येतो : येथली काडी मोडावयाची नाही. देव अनेकदा तांदळा असतो. शेंदूर लावलेला, न घडविलेला धोंडा. त्याला हात, तोंड, डोळे नसले तरी चालते. तो स्वयंभू आहे, हेच त्याचे सामर्थ्य. त्याला आकार देणे म्हणजे त्याच्या स्वयंभूपणात ढवळाढवळ करणे होय.

बोमार्झोचे धोंडेही एका अर्थी स्वयंभूच होते, पण त्यांना आकार दिला गेला आणि देव मात्र त्यांत बसला नाही. नेपच्यून, सेरेस, प्रोझर्पिना ही तेथील नावे पूजेची नव्हेत. ती वाचलेल्या पुस्तकांतून आलेली आहेत. 'पवित्र' हे विशेषणही सान्नात्सारोच्या 'आर्काडिया'सारख्या गोपकाव्यांच्या परंपरेतून आलेले दिसते. व्हिचिनो स्वतः आपल्या पत्रांत या जागेला केवळ 'बोस्केत्तो', लहानसे रान, म्हणतो. तेव्हा 'देवराई' हा अनुवाद चुकीचा ठरेल. पण तो चुकीचा का, हे सांगताना बोमार्झोचे वैशिष्ट्य हाती लागते. देवराईत धोंड्यासमोर काय करावे हे येणाऱ्याला ठाऊक असते. बोमार्झोत ते कोणालाच ठाऊक नसते, आणि हे न ठाऊक असणे हाच त्या जागेचा विधी आहे.

धोंडा न हलविता कोरण्याची गोष्ट निघाली की मराठी वाचकाला वेरूळच्या कैलास लेण्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडले जाणारे ते मंदिर डोंगर वरून खाली कोरून मोकळे केलेले आहे. परंतु तेथे सलग बेसाल्टवर पूर्वनिश्चित मंदिराचा आराखडा उतरविला गेला; खडकाने आकार सुचविला नाही, त्याने आकार सोसला. बोमार्झोत सुटा धोंडा आधी काहीतरी सुचवितो आणि छिन्नी त्या सूचनेला होकार देते. कैलासासमोर उभे राहिल्यावर मानवी संकल्पाची भव्यता मनात ठसते. बोमार्झोत संकल्प आणि अपघात यांची सीमारेषा कोठे आहे, या शंकेने मन व्यापले जाते.

या शंकेत काळाने भर घातली आहे. रीगलने १९०३ मधील आपल्या प्रबंधात वास्तूच्या ऐतिहासिक मूल्याहून वेगळे असे कालमूल्य सांगितले. ऐतिहासिक मूल्याला वास्तू जशी होती तशी हवी असते, तर कालमूल्य झिजेत, शेवाळात, निसर्गाने परत घेतलेल्या कडांत असते. आज बोमार्झोत येणारा प्रेक्षक ज्यावर लुब्ध होतो ते बव्हंशी हे कालमूल्य आहे. हिरवट, करडे, अर्धवट जमिनीत गेलेले राक्षस त्याला आदिम वाटतात. व्हिचिनोच्या पत्रांत मात्र मूर्तींना रंग देण्याचे उल्लेख येतात. मूळ प्रेक्षकाने पाहिलेले वन याहून भडक, नाटकी आणि कदाचित विनोदी असावे.

येथवर पाहता कालमूल्य हे नंतर चढलेले पुट ठरेल आणि ते खरवडून मूळ पाठाकडे जावे, असे म्हणता येईल. पण वनातील एक शिल्प या सोप्या निष्कर्षाच्या आड येते. एट्रुस्कन थडग्याच्या दर्शनी भागाचा तुटून कलंडलेला तुकडा वाटावा, असा एक धोंडा तेथे आहे. या प्रदेशात खडकात कोरलेली खरी एट्रुस्कन थडगी आहेत. हे मात्र सोळाव्या शतकात भग्नावशेष म्हणूनच नव्याने घडविलेले आहे. म्हणजे काळाने व्हावयाची झीज व्हिचिनोने आधीच छिन्नीने करवून घेतली होती. त्या खोट्या झिजेवर पुढील शतकांची खरी झीज चढली. आज त्या दोहोंना वेगळे करणे डोळ्यांना शक्य होत नाही. छल आणि कला या जोडीत काळ हा तिसरा कर्ता येऊन मिळतो, आणि त्याला वनाबाहेरचा म्हणून वगळता येत नाही. कारण त्याला निमंत्रण वनकर्त्यानेच दिलेले होते.

६

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये (१९५५) कलाकृतीची संगती संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी सांगितली. हे संबंध कलाकृतीच्या घटकांत असतात. ते शोधावयाचे तर घटक आणि त्यांची सीमा निश्चित असावी लागते. बोमार्झोत ऑर्कसच्या जबड्यातील भय आणि मेजावरील भोजन, कलत्या घरातील शब्द आणि तोल, कासवाची संथ चाल आणि त्याच्या पाठीवरील कीर्तिदेवता यांत विरोधलय स्पष्ट आहे. पण ती एकेका शिल्पाच्या आत आहे. एका शिल्पाकडून दुसऱ्याकडे जाणारी लय मात्र चालणाऱ्याने निर्माण करावयाची आहे. मध्ये येणारे झाड, पावसानंतरचा निसरडा उतार, अचानक पडलेले ऊन हे त्या लयीचे घटक आहेत की तिच्यातील व्यत्यय, याचे उत्तर मर्ढेकरांच्या चौकटीत मिळत नाही. चौकट चुकीची आहे म्हणून असे होते असे नाही. ती चौकट ज्या बंदिस्त कलाकृतीला गृहीत धरते, तिच्या बाहेरची ही कलाकृती आहे.

मग येथे प्रत्येक प्रेक्षकाचे वाचन सारखेच ग्राह्य मानावयाचे काय? वाचकवादी भूमिकेवरील हा नेहमीचा आक्षेप येथे तपासून पाहता येतो. शोकाची कथा १५५२ या कोरलेल्या वर्षापुढे टिकत नाही. ऊर्ध्वगामी प्रवासाची मांडणी आजच्या वाटेच्या इतिहासापुढे डळमळते. विचारमुक्तीचा संदेश ग्वेर्राच्या रेखाचित्रापुढे एकाकी पडतो. ही वाचने कोण्या अधिकारी व्यक्तीने रद्द केलेली नाहीत; दगड, तारखा आणि पाठ यांनी ती अडविली आहेत. प्रेक्षकाचे स्वातंत्र्य खरे आहे, पण ते उतारावर चालणाऱ्याच्या स्वातंत्र्यासारखे आहे. कोठूनही जाता येते; कसेही जाता येत नाही. साहित्यकृतीच्या वाचकाचे स्वातंत्र्य याहून फार निराळे नसते, परंतु कागदावर उतार दिसत नाही, म्हणून ते अमर्याद असल्याचा भास होतो. बोमार्झोचे वन सिद्धांताला उपयोगी पडते ते या कारणाने.

स्फिंक्सच्या दोन आज्ञांतील विसंगतीचाही येथे उलगडा होऊ शकतो. ओठ मिटून पाहावे आणि मग सांगावे, असा त्यांचा क्रम लावला तर विरोध शमतो. परंतु हा क्रम लावणारा प्रेक्षकच असतो, लेखांत तो दिलेला नाही. चाळीस पावलांवर पुढचे नवल दिसू लागताच सांगण्यासाठी उघडलेले ओठ पुन्हा मिटतात, आणि उत्तर पुढल्या वळणावर ढकलले जाते. शेवटच्या देवळापाशी पोचलेला प्रेक्षक परत फिरतो तेव्हा त्याला तीच शिल्पे उलट्या बाजूने भेटतात. ऑर्कसचा जबडा पाठीमागून नुसता खडक असतो. तो खडक पाहिल्यावर छल की कला याचे जे उत्तर वर जाताना तयार झालेले होते, ते खाली उतरताना पुन्हा विचारात घ्यावे लागते. समीक्षेने या वनासाठी करण्याजोगे काम तेवढेच आहे : कोणती उत्तरे दगडाला मान्य नाहीत ते दाखवून देणे, आणि उरलेला प्रश्न पुढच्या प्रेक्षकासाठी स्फिंक्सच्या बैठकीवर होता तसा राहू देणे.